कोपऱ्यात कोणीच नाही

जिन्याच्या वळणावर त्या सकाळी एक खिडकी होती, दोन कुंड्या, एक कचऱ्याचा डबा आणि भिंतीला टेकून उभी असलेली ती. तिच्या हातात एक्केचाळीस कागद होते. वळण चांगलं ऐसपैस, दोन माणसं शेजारून सहज जातील एवढं. तरीही वर चढणारा एक उंच तरुण थेट तिच्या खांद्यावर येऊन आदळला आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कागद खालच्या मजल्यापर्यंत उधळले.

“डोळ्यांच्या दवाखान्यात आलात ते बरं झालं,” ती म्हणाली. “तपासूनच जा.”

तो ओशाळून हसला आणि कागद वेचायला बसला. प्रत्येक कागदावर हलकी फुंकर मारून तिच्या हातात देत होता, जणू काही ते कागद दुखावले गेले होते... ही गोष्ट तिने मनाविरुद्ध टिपून ठेवली.

टिपून ठेवणं हा तिचा स्वभावच. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या दवाखान्यात लागली होती. समोर बघत असताना माणसाला बाजूचं किती दिसतं, हे मोजणाऱ्या यंत्रावर तिचं काम. चहात साखरेचे दाणे किती, इथपर्यंत ती मोजत असेल, असं म्हणून सगळे तिला ‘मोजपट्टी’ म्हणत.

अर्ध्या तासाने सगळ्या कर्मचाऱ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. मागच्या महिन्यात दोन परिचारिकांचा घरी जाताना कोणीतरी पाठलाग केला होता, म्हणून दवाखान्याने आठवडाभराचं शिबिर ठेवलं होतं: रस्त्यावर, गर्दीत सावध कसं राहावं. आणि शिकवायला समोर उभा कोण, तर तोच जिन्यातला धडकणारा. मोठ्या दुकानांच्या पहाऱ्यावर सात वर्षं काढून आता तो हेच शिकवत हिंडायचा.

मोजपट्टीने शेजारणीला कोपर मारलं. “माझ्याएवढी बाई याला जिन्यात दिसली नाही, आणि हा आपल्याला चोर दाखवणार.”

पण शिकवायचा छान. कुठेही गेलात की आधी तिथलं नेहमीचं काय ते बघा, म्हणजे न बसणारं आपोआप टोचेल, असं तो सांगे. बाहेर पडायच्या दोन वाटा आल्या आल्या हेरून ठेवा. पोटात खड्डा पडला तर त्याची थट्टा करू नका, त्याचं ऐका. आणि संशय आला की मान वळवू नका, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा, लोकांत जा आणि मोठ्याने बोला. मग त्याने सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि खोलीत काय काय आहे ते विचारलं. बोलली ती एकटीच.

“दारं दोन, त्यातलं मागचं कुलूपबंद. खिडक्या चार. पंखे तीन, चालू दोन. आणि तुमच्या शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय.”

खोली हसली. त्याचे कान लाल झाले. “बटणापासून कोणाला धोका नाही,” तो म्हणाला.

“ते अजून सिद्ध व्हायचंय,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच्याच धिटाईने तिचेही कान तापले.

सहा दिवस तो येत राहिला. चार-पाच पावलं टाकली की मान डावीकडे, मग उजवीकडे. सावधपणाची सवय, असं तो अभिमानाने सांगे. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव ‘घुबड’ ठेवलं. ती त्याला ‘मास्तर’ म्हणे. चारचा चहा दोघांचा एकत्र होऊ लागला. बोलता बोलता कळलं, की त्याचं डोकं हल्ली सारखं दुखतं, की त्याला आई-वडील नाहीत, थोरली ताई आहे आणि तिच्या धाकात तो अजून वागतो. हसला की तो कप खाली ठेवून हसायचा, आणि हसू ओसरेपर्यंत तिच्याकडेच बघत राहायचा... मग तिला साखर मोजायचं सुचत नसे.

फक्त एक गोष्ट खुपत होती. पहिल्या रांगेच्या टोकाला बसून तिने हात वर केला, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एकदा शेजारी उभी राहून तिने चहाचा कप पुढे केला, तो तसाच हवेत राहिला. जिन्यातली धडक धरून तीन नोंदी झाल्या. तिन्ही तिने मनातल्या वहीत ‘शिष्टपणा’ या मथळ्याखाली टाकल्या.

शिबिर संपलं त्या दुपारी तो म्हणाला, “परीक्षा घ्यायची राहिली तुमची. बाजारात चला.”

“नापास झाले तर?”

“तर पुन्हा शिकवावं लागेल. रोज, बहुतेक.”

तीन मजल्यांची दुकानांची इमारत, माणसांची वर्दळ. पादत्राणांच्या दुकानाबाहेर दोघं समोरासमोर उभे होते. तो प्रश्न विचारत होता, ती उत्तरं देत होती, आणि एकीकडे तिच्या पोटात खड्डा पडत चालला होता. तपकिरी जाकिटातला एक माणूस. घड्याळाच्या दुकानापाशी होता, जिन्यापाशी होता, आता इथेही. हातात फोन, पण पडदा काळा. नजर तिच्या खांद्यावरच्या पिशवीवर. बघता बघता तो पुढे आला आणि खांबाला टेकून उभा राहिला — मास्तरच्या डाव्या खांद्यापासून जेमतेम हातभर.

तिने चेहरा हसरा ठेवला. “मास्तर, मान न वळवता सांगा. तुमच्या डावीकडे कोण आहे?”

तो मन लावून समोर बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “कोणी नाही.”

“नीट बघा...”

“बघितलं. कोपऱ्यात कोणीच नाही.”

माणूस एवढा जवळ होता, की त्याच्या जाकिटाचा कुबट वास तिला येत होता. तिने मास्तरचं मनगट धरलं, त्याला ओढतच दुकानात नेलं आणि गल्ल्यावरच्या बाईंना मोठ्याने सांगितलं, “तो तपकिरी जाकिटवाला तीन दुकानांपासून आमच्या मागे आहे.” बाईंनी मान उंचावून पाहिलं, दोन गिऱ्हाइकांनी पाहिलं, आणि तो माणूस झपाझप जिना उतरून गेला.

“शाबास,” मास्तर म्हणाला. “पहिल्या वर्गात पास.”

तिने त्याचं मनगट सोडलं नाही. जाकिटवाला तर केव्हाच गेला होता.

“तो तुझ्या खांद्याला लागून उभा होता रे,” ती म्हणाली. “तुला दिसलाच नाही?”

जिना, हात, कप. निरीक्षणं तिन्ही बरोबर होती. मथळा चुकला होता. आणि ती मान वळवण्याची सवय... सावधपणा कसला, जे दिसत नव्हतं ते तो नकळत शोधत होता.

तिने त्याला तपासणीला यायला सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. “मी हेच शिकवतो. मला दिसत नाही म्हणतेस?” असं म्हणून निघून गेला. तीन दिवस फोन नाही. तिने या काळात किती वेळा फोन बघितला, हे मात्र तिने मोजलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो तिच्या खोलीच्या दारात उभा होता, चेहरा पांढराफटक.

“ताईला बाजूने चालत यायला सांगितलं,” तो म्हणाला. “मी समोर बघत होतो. ती कानाशी येऊन खाकरली, तेव्हा कळलं. डावीकडून तसंच, उजवीकडूनही तसंच.”

तिने दिवा मालवला, त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, एक डोळा झाकला. “मधोमध बघायचं. बाजूला दिवा लुकलुकला की बटण दाब.”

“मधोमध बघायला सांगतेस,” तो पुटपुटला, “आणि स्वतः बसतेस बाजूला.”

एका डोळ्याला चोपन्न जागी दिवे लागतात. डाव्या डोळ्याची आतली बाजू झाली तशी बटणाची टकटक थांबली. बाहेरच्या बाजूला एकामागून एक दिवे लागत होते आणि तो निवांत बसून होता, जणू काही घडतच नव्हतं. तिने तोंडावर हात दाबून धरला. उजव्या डोळ्याचं तसंच, फक्त उलट. कागद बाहेर आला: बाहेरच्या दोन्ही अर्ध्या बाजू काळ्या, मधोमध आखल्यासारखी उभी रेघ. हा आकार तिने पुस्तकात पाहिला होता. अशी रेघ डोळ्यांतून येत नाही, त्यांच्या मागून येते.

निकाल डॉक्टरांनीच सांगायचा असा नियम. पण त्याने विचारलं, “किती?” आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं.

“डावा अठ्ठावीस. उजवा तीस. चोपन्नपैकी.”

त्याने तिच्या हातातल्या कागदावरच्या काळ्या भागावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “एवढ्या बायकांना मी सांगत होतो... माझ्यावर भरवसा ठेवा म्हणून.”

“त्यातली एक काय करायचं ते तुझ्याकडूनच शिकली होती,” ती म्हणाली. “म्हणून आपण दोघं त्या दुकानात शिरलो.”

डॉक्टरबाईंनी मेंदूचा फोटो काढायला पाठवलं. नजरेच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे खालून एक गाठ दाबत होती. कर्करोगाची नव्हती, पण वाढती होती. अजून उशीर झाला असता तर मधलंही गेलं असतं. नाकावाटे काढता येईल, बाई म्हणाल्या. नजर किती परत येईल, ते आत्ता कोणी सांगू शकत नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ताई औषधं आणायला खाली गेली, तेवढ्यात मोजपट्टी त्याच्या खाटेपाशी आली. शेजारची खुर्ची सोडून ती पायथ्याशी, बरोबर त्याच्या समोर बसली.

“समजा, नाही परत आली नजर,” तो म्हणाला. “झापडं लावलेला घोडा मी. असा कोणाच्या काय कामाचा?”

“घोड्याला झापडं लावतात ती तो बुजू नये म्हणून. तू तर केवढा बुजलायस.”

तो हसला, पण हसू टिकलं नाही. बाहेर चाकांच्या खाटेचा आवाज आला. वेळ कमी होता.

“एक विचारायचंय,” ती म्हणाली. “आमच्या घरी येशील? आईला भेटायला. मी तिला सांगितलंय... एक माणूस आहे म्हणून.”

तो थक्क होऊन बघत राहिला. “नजर आली तर येईन.”

“नजरेला कुठे बोलावलंय? तुला बोलावलंय.”

त्याने चादरीबाहेर हात काढला. तिने तो धरला आणि खाट शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत जाईस्तोवर धरूनच ठेवला. “येईन,” दारातून आत जाताना तो म्हणाला, आणि ताई तिथेच औषधांची पिशवी घेऊन उभी होती हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यानंतर अकरा आठवड्यांनी तिने पुन्हा दिवा मालवला, त्याची हनुवटी टेकवली, एकेक डोळा झाकला. खोलीत फक्त बटणाची टकटक ऐकू येत होती. यंत्र थांबलं. तिने कागद काढला, उजेडात धरला आणि आकडे दोनदा मोजले.

डावा डोळा: चोपन्नपैकी एकोणपन्नास. उजवा डोळा: चोपन्नपैकी एकावन्न.