सात नंबरची चावी

रविवारी दुपारी ओदिल यंत्रातली डबी रिकामी करायला उठली. काम पाच मिनिटांचं. बाहेर ग्रनोबल शहरावर लख्ख ऊन होतं, बर्फ वितळून दोन्ही नद्या फुगल्या होत्या. पण अणुभट्टीशेजारच्या त्या दालनाला खिडकीच नव्हती, तेव्हा दुपार काय आणि पहाट काय. पंपांची घरघर आणि तापलेल्या तेलाचा वास, एवढंच तिथे बारा महिने.

फेब्रुवारीत तिचा नवरा ब्लेझ स्की करताना कोसळत्या बर्फाखाली गेला, तो अजून सापडला नव्हता. ओदिल रडली नव्हती. लोकांना वाटे, बाई मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा! तिला काही वाटतच नव्हतं. सूप गरम आहे की गार, हेही जिभेला कळत नसे.

मागे राहिला होता तो ब्लेझने दोन वर्षं खपून वाढवलेला नखाएवढा हिरवा स्फटिक. त्यातले अणू म्हणजे बारीक चुंबक, पण त्रिकोणात अडकलेले. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसायचंय. दोघांचं जमतं, तिसऱ्याने बघायचं कुठे? कितीही गारठवा, हे गोठायचे नाहीत, चुळबुळत राहतील, असं ब्लेझ म्हणे. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. न्यूट्रॉनचा झोत सोडला की ती चुळबुळ पडद्यावर धूसर पट्टा होऊन उमटते. ओदिलला झोताचे मोजके दिवस मिळाले होते, आणि उद्यापासून अणुभट्टी वर्षभर बंद राहणार होती.

पट्टा उमटला होता, ब्लेझ म्हणाला होता तस्साच. आता उरली होती फक्त रिकामी डबी. स्फटिक ज्या डबीत ठेवतात ती रिकामी करून झोतात धरायची आणि त्यात जे दिसेल ते आधीच्या मोजणीतून वजा करायचं. उरेल तेवढंच स्फटिकाचं खरं.

डबी जिथे बसवतात त्या यंत्राच्या खोलीचा नियम कडक. आत जाणाऱ्याने दाराबाहेरच्या फळीवरची एक चावी खिशात टाकायची. चावी फळीवर, म्हणजे माणूस बाहेर. आणि दार लावण्याआधी पार टोकाला जाऊन, तिथलं तपासणीचं बटण दाबून हाक मारायची, "आत कोणी आहे का?" ब्लेझ मुद्दाम शिशाच्या भिंतीआड दडून ओरडायचा, "कोणी नाही!" मग ओदिल हसत परत जाई आणि कान धरून त्याला बाहेर काढी. लाल दोरा बांधलेली सात नंबरची चावी तो हमखास जाकिटातून घरी न्यायचा. शेवटची नेली ती घरभर शोधूनही मिळाली नाही. त्या खिळ्यावर आता नवी चावी होती.

ओदिलने स्फटिक काढला, डबी परत बसवली, हाक मारली, दार लावलं.

तासाभराने यंत्र सांभाळणाऱ्या सेवरिनने पडद्याकडे बोट केलं. "ओदिल, स्फटिक काढलास ना गं तू?"

"काढला की. तुझ्यासमोरच पेटीत ठेवला."

"मग हे काय?"

पडद्यावर तोच पट्टा होता.

सेवरिनने पेटी उघडली. हिरवा खडा जागच्या जागी. मग झोत थांबवून आतली डबी काढून आणली, उजेडात धरली. स्वच्छ, रिकामी. तिचा चेहरा उतरला. "हे वजा केलं तर हाती भोपळा येईल. ब्लेझचं सगळं..."

"खोटं ठरेल. ठाऊक आहे मला."

"पण रिकाम्या डबीत चुळबुळतंय काय?"

"पुन्हा करू," ओदिल म्हणाली.

तिने तीन नंबरची चावी खिशात टाकली, आत जाऊन डबी बसवली आणि टोकाला जाऊन बटण दाबलं. तिथे गारठा होता. ओल्या लोकरीचा वास येत होता.

"आत कोणी आहे का?"

"कोणी... नाही..."

आवाज दबका होता, थकलेला, शिशाच्या भिंतीआडून आलेला.

ओदिल वळली, बाहेर आली, दार ओढून कुलूप लावलं, चावी खिळ्याला अडकवली. इतकी वर्षं त्या हाकेला हेच उत्तर मिळालेलं. कानांना त्यात वावगं काही वाटलंच नाही. झोत सुटला. खुर्चीत टेकल्यावर तिच्या ध्यानात आलं, की या वेळी आपण त्याला बाहेर काढायला परत गेलो नाही.

पडद्यावर पहिली काही मिनिटं पट्टा दिसला. मग मंदावला. मग काहीच नाही.

"गेलं!" सेवरिनने तिला मिठीच मारली. "डबी रिकामीच आहे गं! मघाशी यंत्राचंच काहीतरी बिनसलं असणार. जिंकला तुझा ब्लेझ!"

"थांबलं ते," ओदिल म्हणाली. "गोठलं."

"काय गोठलं?"

"झोत बंद कर, सेवरिन. मला आत जायचंय..."

सेवरिनने झोत बंद केला. ओदिलने चावीसाठी फळीकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. सात नंबरच्या खिळ्यावर नव्या चावीच्या पुढे आणखी एक चावी लटकत होती. तिचा लाल दोरा भिजून काळा पडला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

तिने ती मुठीत धरली. धातू इतका गार होता की कातडी त्याला चिकटली, तळहाताची आग आग झाली. कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी लागलं होतं. ती मोठ्याने रडू लागली.

सेवरिन फळीकडे पाहत राहिली. मग हळूच तिने दालनात मागे नजर टाकली.

"ओदिल," ती पुटपुटली, "...कोण आलंय बाहेर?"