हाताची उशी

त्वचारोगाच्या दवाखान्यात घाबरण्यासारखं काही नसतं. खाज, डाग, मलम. म्हणून जसं झालं तसंच सांगते.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या. डाव्या कोपराच्या वर, आतल्या बाजूला वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ, ओंडक्याच्या कापावर दिसतात तशी. कडांना पापुद्रे. खाजेने झोप उडाली होतीच, पण बहिणीच्या सुनेने बाळाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

मी पापुद्रे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बुरशीचे धागे. प्रयोगशाळेने नाव कळवलं, तेव्हा कळलं की ही जात मी फक्त पुस्तकात पाहिली होती. गोळ्या दिल्या. हात स्वच्छ झाला आणि वर्तुळं पुन्हा तिथेच उठली. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच.

ही बुरशी माणसाच्याच अंगावर जगते. जवळ झोपणाऱ्याला असेल, तर एकट्याला औषध देऊन भागत नाही. घरात कोण असतं, मी विचारलं. कोणी नाही, म्हणाल्या. लग्न नाही, मूल नाही, मांजरसुद्धा नाही. मग डाव्या हाताची बाही खाली ओढली.

"डॉक्टर, त्यालाही देता येईल का... औषध?"

एकटं राहून माणसाला काहीबाही वाटू लागतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. लहान आहे का, एवढंच विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मुलांना वजनावर द्यावं लागतं, मावशी. किती असेल?"

"डोक्याचंच कळतं," त्या हळूच म्हणाल्या. "हातावर ठेवतो ना... बाकीचं काही नसतं."

असं वजन कुठल्याच तक्त्यात नव्हतं. तरी पातळ औषध लिहून दिलं, अगदी कमी मात्रेत; त्या स्वतः प्यायल्या असत्या तरी अपाय नव्हता.

या वेळी डाग परतले नाहीत. शेवटच्या तपासणीला भर दुपारी आल्या. दार उघडं होतं, बाहेरच्या बाकावर त्या मला दिसत होत्या. एकट्याच, डावा हात दुमडून. आत येऊन बसल्या, बहिणीच्या नातवाला मांडीवर घेतल्याचं हसून सांगितलं.

"त्याचीही खाज थांबली," त्या म्हणाल्या. "आता दुपारीसुद्धा झोपतो."

मग हात सावकाश सरळ केला, कोणाची झोप मोडू नये तसा, आणि बाही वर घेतली. त्वचा नितळ होती. फक्त तिथे, उशीची घडी गालावर उमटते तसा, एक ताजा, लालसर ठसा होता. छोट्याशा कानाचा. माझ्यादेखत तो हळूहळू विरत गेला.