पावलांचे जनक

त्या माणसाची एक खोड वहिनींना कधीच सहन झाली नाही. समोर अख्खी बाई उभी आहे, पोटतिडकीने बोलते आहे, आणि हा आपला डोळे मिटून ऐकतोय! जणू पुढे माणूस नाही, रेडिओ ठेवलाय. तीस वर्षांनी दिसला तोही तसाच – प्रदर्शनाच्या दालनात, भिंतीला टेकून, डोळे मिटून.

पण तो दिसण्याआधीच वहिनींचं डोकं फिरलेलं होतं.

सिनेमाच्या पहिल्यावहिल्या कारागिरांचं कौतुक म्हणून ते प्रदर्शन भरलं होतं. पडदे रंगवणारे, वाद्यं जुळवणारे, नाच बसवणारे, सगळ्यांचे फोटो भिंतीवर, आणि संध्याकाळी सभागृहात सत्काराचा कार्यक्रम. सूनबाई हट्टाने वहिनींना घेऊन आली होती. तिथे एक खोकं होतं. त्याचं बटण दाबलं की पावलं ऐकू यायची… खडीवरून लगबगीने आलेली, मग जरा रेंगाळलेली. वहिनींच्या अंगावर सर्रकन काटा आला. पावलं त्यांचीच होती! बारा वर्षं पडद्यावर कुठलीही नायिका चालली, रुसली, पळत सुटली, तरी आवाज वहिनींच्या पायांचा. नवरा स्टुडिओत सुतार, सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. त्याचा डबा घेऊन त्या एक दिवस गेल्या काय, ध्वनिमुद्रकाने त्यांची चाल ऐकली काय, आणि दुसऱ्या दिवशी माइकसमोर, खडीच्या पेटीत अनवाणी उभ्या!

"खाली काय लिहिलंय गं?" त्यांनी विचारलं.

सुनेने वाचलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "पावलांच्या आवाजाचे जनक… ध्वनिमुद्रक…"

"जनक?" वहिनी कडाडल्या. "बाळंतपण मी केलं आणि जनक हा?"

"आई, हळू. लोक बघताहेत."

"बघू देत. बघायलाच आलेत ना?"

त्या फणकाऱ्याने वळल्या आणि तरातरा दाराकडे निघाल्या. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला –

"डावा पाय अजून ओढता, वहिनी."

भिंतीला टेकलेला म्हातारा. केस पांढरेशुभ्र, सदरा इस्त्रीचा, डोळे मिटलेलेच. हाच तो ध्वनिमुद्रक; स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. त्याने अजून वहिनींकडे बघितलंही नव्हतं.

"आधी डोळे उघडा," वहिनी म्हणाल्या.

त्याने उघडले आणि हसला. वहिनींच्या काळजात काहीतरी सरकलं… आणि त्याचाही त्यांना रागच आला.

"काही बदलला नाहीत तुम्ही," तो म्हणाला.

"बदलले. पूर्वी मी ऐकून घ्यायचे."

"कधी?"

सून फिसकन हसली. वहिनींनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पाणी आणायच्या निमित्ताने पसारच झाली.

"हे वाचलंत का?" वहिनींनी फलकावर बोट ठेवलं.

"नाही. मी रोज येतो, बटण दाबतो, इथे उभा राहतो. वाचायचं कशाला?"

"रोज?"

"रोज," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मग त्याने फलक वाचला. चेहरा पार उतरला. "वहिनी, शप्पथ, हे माझं नाही."

"मग संध्याकाळी तुम्हाला मानचिन्ह देताहेत ना? तिथे सगळ्यांसमोर सांगा."

"माइकवर?" त्याच्या कपाळावर घाम आला. "जन्मभर मी माइकच्या मागे होतो हो. पुढे उभं राहिलं की माझी जीभच टाळ्याला चिकटते."

"अकरा वर्षांपूर्वी मिस्त्री गेले, तेव्हाही चिकटली होती वाटतं? अख्खा स्टुडिओ भेटून गेला. एक तुम्ही तेवढे नाही."

तो हळूच म्हणाला, "आलो होतो. जिन्याच्या खालपर्यंत. वर तुम्ही चालत होतात… इतकी जड पावलं मी कधी ऐकली नव्हती. मला चढवेना."

"म्हणून परत गेलात?"

"हो."

"शाबास!" वहिनी म्हणाल्या. "मी वर अकरा वर्षं चालतेच आहे." आणि तोंड फिरवून चालू लागल्या. डोळे भरून आलेले त्याला दिसू द्यायचे नव्हते.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. कानसेनाचं नाव पुकारलं. तो माइकपुढे उभा राहिला, तोंड उघडलं… आणि शब्दच नाही. लोक खोकू लागले, खुर्च्या करकरल्या. तिसऱ्या रांगेत वहिनी दातओठ खात पुटपुटल्या, "बोल, मेल्या, बोल!"

तो नाहीच बोलला. त्याला येत होतं तेच त्याने केलं. माइक काढून हातात घेतला, गुडघे कडकडवत खाली बसला, जमिनीपासून वीतभर वर माइक धरला आणि वहिनींकडे हात केला.

"आई, तुम्हालाच बोलावताहेत," सून कुजबुजली.

"मी काय कुणाच्या हाताने नाचणारी बाहुली आहे?" म्हणत वहिनी उठल्याच. पायरीपाशी चपला काढल्या आणि रंगमंचावरच्या फळ्यांवरून चालत निघाल्या. संतापलेली चाल, सरळ त्याच्या रोखाने. माइकमधून पावलं सभागृहभर घुमली. ही पावलं लोकांनी लहानपणापासून ऐकली होती, फक्त चेहरा आज दिसत होता.

"ही पावलं यांची आहेत," कानसेन म्हणाला. आवाज चिरकला. "मी नुसता… ऐकत होतो."

टाळ्या थांबेनात. त्या गडबडीत तो वर बघत वहिनींपुरतंच म्हणाला, "आणि मला आवडत होतं. म्हणजे चाल… म्हणजे तुम्हीच."

उभा जन्म माइक सांभाळण्यात घालवलेला माणूस, पण हातातला माइक चालू आहे हे विसरला! अख्ख्या सभागृहाने ते ऐकलं. सुनेने तर चक्क शिट्टी मारली.

वहिनींचा चेहरा तापला. त्यांनी त्याच्या हातातून माइक हिसकावून घेतला.

"ऐका. तुम्ही भित्रे आहात. तुमच्या भित्रेपणात माझी अकरा वर्षं पाण्यात गेली, ती काही मी माफ करणार नाही. उद्या सकाळी तो फलक स्वतःच्या हाताने बदलायचा. मग माझ्याबरोबर फिरायला यायचं – मागून नाही, शेजारून. आणि यापुढे मला वहिनी म्हणालात, तर याद राखा!"