ब्याटरी विझव

हसू नको रे पंकज. वैशाखरे गावच्या कोंडूला झालंय हे, माझ्या सख्ख्या साडूला. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. म्हशीचं औषध आणायला तो मुरबाडला गेला होता. शेवटच्या एसटीनं आला, फाट्यावर उतरला आणि ब्याटरी लावून शेतवाटेनं घराकडं निघाला.

त्याच वाटेवर काही वर्षांमागं गावातल्या ज्ञानेश्वरला कोणीतरी रात्रीचं कोयत्यानं मारून टाकलं होतं. कोंडूनं लांबून, काळोखात, एक माणूस पळताना पाहिला. बस, एवढंच. पण पोलिसांनी आधी त्याला चौकीत संशयावरून धरलेला बारकू दाखवला, मग ओळख परेडीला तोच बारकू रांगेत उभा. साहेब म्हणतात तर असेलच, असं धरून या गाढवानं बोट दाखवलं. कोर्टातही शपथेवर तेच बोलला. बारकूला जन्मठेप लागली. वरच्या कोर्टात अपील चालू होतं, म्हणून बारकूची आई बाईजा कोंडूच्या उंबऱ्याशी येऊन बसायची. वकिलाकडं चल, खरं काय ते सांग, म्हणायची. कोंडू दर खेपेला तिला सांगायचा, भात कापून होऊ दे मावशी, मग बघू. लाज वाटते मला त्याची.

तर त्या रात्री बांधावर कोणीतरी बसलेलं. कोंडूनं हाक मारली. उजेड टाकायला त्यानं हात उचलला, तेवढ्यात आवाज आला.

"ब्याटरी विझव. त्या रात्री होती का तुझ्याकडं?"

आवाज ज्ञानेश्वरचा.

ब्याटरी कोंडूनं विझवली का आपोआप विझली, त्याला आजही सांगता येत नाय.

मिट्ट काळोख... रातकिडेही गप्प.

मग अगदी कानाशी...

"मारणारा माझ्या छातीवर बसला होता रे. मला त्याचं तोंड दिसलं नाय."

...

"तुला एवढ्या लांबून कसं दिसलं?"



डोळ्यांवर हात आला. गार... ओला...

"नाय दिसलं," कोंडू म्हणाला. "आईशप्पथ. मला कोणाचंच तोंड नाय दिसलं..."

हात निघेना.

पहाटे त्याच्या बायकोला, काशीला, तो अंगणात पडलेला सापडला. शुद्धीवर आला तसा चहाही न घेता बाईजेकडं गेला, तिला घेऊन वकिलाकडं गेला. सगळं खरं सांगितलं, लिहून दिलं. पण वरच्या कोर्टात सरकारी वकील उभा राहिला आणि म्हणाला, हा साक्षीदार आता फितवलाय. संपलं. शपथेवरचं खोटं खरं धरलं, आणि खरं खोटं ठरलं. अपील फेटाळलं. बारकू अजून आत आहे. बाईजा आता कोणाच्याच उंबऱ्याशी जात नाय.

खोटं वाटतं ना? उद्या उजेडी जा आणि कोंडूचं तोंड बघून या. कपाळापासून गालापर्यंत, दोन्ही डोळ्यांवरून, काळा पंजा उमटलाय. काशी रोज साबण लावून घासते.

जात नाय.