उणे पंचेचाळीस

पिंजरा लावायला मला अख्खा रविवार लागला, आणि त्यातला निम्मा बायकोच्या सूचना ऐकण्यात गेला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत पायांवर पांघरूण घेऊन बसली होती आणि बोटानं कामं सांगत होती.

"शिडी तिथे नको, वाटीत घाण पडेल. झोपाळा जरा वर. अहो, वर म्हणजे छताला नव्हे!"

मी निमूटपणे ऐकत होतो. फुप्फुसाच्या दुखण्यानं ती पाच महिने अंथरुणाला खिळली होती. त्या पाच महिन्यांत तिनं मला एकदाही टोमणा मारला नव्हता, आणि घर खायला उठायचं. त्यामुळे आता तिनं शिडी दहा वेळा हलवायला लावली असती तरी माझी ना नव्हती.

उठून बसल्यावर तिनं पहिल्यांदा काही मागितलं ते हे पाखरू. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची बदली झाली होती. त्यांच्या लव्हबर्डच्या जोडीतला नर महिन्यापूर्वी मेला होता आणि उरलेली मादी त्या आमच्याकडे देऊन गेल्या. हिरवं अंग, केशरी तोंड आणि सगळ्या जगावर रुसल्यासारखा चेहरा. बायकोनं तिचं नाव ठमी ठेवलं.

दांड्या मी पेरूच्या फांद्यांच्या केल्या. सगळ्या एकाच जाडीच्या असल्या तर पाखरांच्या पायांना घट्टे पडतात, म्हणून एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी आणि एक मुद्दाम वाकडी. कुरतडायला लाकडी मणी, फाडायला कागदाच्या पट्ट्या, वाजवायला घंटी. दाण्याच्या वाट्या दोन बाजूंना दोन.

माझं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं. तीस वर्षं तेच केल्यामुळे पिंजरासुद्धा मी साध्या हुकाला टांगला नाही. एका प्रयोगशाळेनं काढून टाकलेला टांगायचा काटा माझ्याकडे होता, ग्रॅमपर्यंत बिनचूक. त्याला टांगला. पाखराचं दुखणं आधी वजनात दिसतं, असं पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. रोज सकाळी खिडकी लावायची, बायकोनं ठमीला हातावर घ्यायचं, मी वाट्या काढून ट्रे पुसायचा, रिकाम्या पिंजऱ्यावर काटा शून्य करायचा आणि मग ठमीला आत सोडायचं. पहिल्या दिवशी ती अठ्ठेचाळीस ग्रॅम भरली.

दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. मग पंचेचाळीस. मग त्रेचाळीस. ती दाण्याला तोंड लावत नव्हती. वाकड्या दांडीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसायची.

"चाळीसच्या खाली गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या.

बायकोनं ते ऐकलं. त्या दुपारी तिचंही ताट तसंच राहिलं. मला खरी भीती तिथे वाटली. पाखरू गेलं असतं तर ही पुन्हा पलंगावर गेली असती, आणि या खेपेला उठली असती की नाही, मला सांगता येत नव्हतं.

पाचव्या सकाळी ठमी तिच्या हातावर होती. पिंजरा पुसून झाला, वाट्या बाहेर होत्या. काट्यावर शून्याच्या आसपास काहीतरी हवं होतं. होतं पंचेचाळीस.

काटे कधीकधी सरकतात. मी सवयीनं बटण दाबून शून्य केलं आणि ठमीला आत सोडलं. बेचाळीस.

त्या दिवशी ठमी जेवली. आधी एक दाणा, मग चोच भरभरून. संध्याकाळपर्यंत दोन्ही वाट्यांत नुसती टरफलं उरली होती.

"दोन्ही वाट्या?" मी विचारलं.

"भूक लागली असेल हो. तुम्ही नाही का लग्नात..."

"माझं लग्न काढू नकोस."

ती हसली. किती दिवसांनी हसली! मी विषय तिथेच सोडला.

सहाव्या सकाळी ठमी पुन्हा हातावर, पिंजरा स्वच्छ, रिकामा. काटा दाखवत होता उणे पंचेचाळीस.

मी पन्नास ग्रॅमचं प्रमाण वजन आणून दांडीला अडकवलं. काट्यावर पाच आलं. काढलं. उणे पंचेचाळीस. काटा चोख होता. काल मी जे शून्यात धरलं होतं, ते आज पिंजऱ्यात नव्हतं.

मी बायकोकडे पाहिलं. खिडकी बंद होती, पंखाही बंद होता. ठमी तिच्या उजव्या मनगटावर पंख साफ करत होती. डाव्या कानामागच्या केसांची एक बट हळूच वर उचलली जात होती, सुटत होती, पुन्हा उचलली जात होती.

"गुदगुल्या होतात," ती म्हणाली. तिनं मान जराही हलवली नव्हती.

"कधीपासून?"

"कालपासून. म्हटलं, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खोलून बघायला लागाल."

खोलून बघण्यासारखं काही नव्हतं. मग दोघं पिंजऱ्याबाहेर आहेत तोवर काटा नीट शून्य करून घेतला. ठमी आत गेली. त्रेचाळीस. थोड्या वेळानं झोपाळा हलला. अठ्ठ्याऐंशी.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात आनंद होता. लाजायचं काय, होता. ठमी अठ्ठेचाळीसवर आली. दांडीवर बसताना शेजारी जागा सोडून बसायची आणि त्या जागेकडे मान लववून डोळे मिटायची. लाकडी मण्यांवर दोन तऱ्हेचे चावे दिसू लागले, एक मोठे, एक बारीक. बायको जिना उतरून अंगणापर्यंत जायला लागली. मला टोमणे तर उठताबसता मिळायचे. मी प्रत्येक खेळण्याला जोडीचं दुसरं केलं. शेजाऱ्यांना काही सांगितलं नाही.

चूक माझ्याकडूनच झाली. एका सकाळी दोघांना मोकळं सोडलं होतं. ठमी आपणहून पिंजऱ्यात परतली, मी दार लावलं आणि खोलीत कोंदट वाटत होतं म्हणून खिडकी उघडली. जन्मभर काट्यावर विसंबलो आणि नेमकं त्या दिवशी डोळ्यांवर विसंबलो.

काट्यावर अठ्ठेचाळीस होतं. दुपारी वाट्या काढून पाहिलं, तेव्हाही अठ्ठेचाळीसच होतं.

दुसऱ्या दिवशी ठमीनं भिंतीकडे तोंड केलं. सेहेचाळीस. मग त्रेचाळीस. बायकोनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. ती लावत नव्हती हेच मला सहन होईना. चौथ्या सकाळी ठमी एकेचाळीस भरली आणि बायको अंथरुणातून उठली नाही.

मी तिला धरून खुर्चीत आणलं.

"खिडकी उघडतो," मी म्हणालो. "पिंजऱ्याचं दारही."

"ठमी उडून गेली तर?"

"नाहीतरी जाणारच आहे."

तिनं ठमीकडे पाहिलं. मग मान डोलावली.

मी दोन्ही उघडलं. दाण्याच्या वाट्या अजून बाहेरच होत्या. बाहेर ऊन होतं, समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी झटकत होतं. ठमीनं मान वळवून खिडकीकडे पाहिलं, पण ती हलली नाही. आम्ही बसून राहिलो. तासभर तरी झाला असेल.

ठमी एकदम ओरडली.

पडदा हलला.

पिंजरा किंचित झुकला. काट्यावर शहाऐंशी आलं.

बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिचा हात धरला. तिचा हात गरम होता, घट्ट होता. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मी खिडकी लावायला उठलो.

पडदा पुन्हा हलला.

एकशे बत्तीस.

पुन्हा.

एकशे सत्त्याहत्तर.

ठमी दांडीवर सरकत सरकत अगदी टोकाला गेली.

"लावू नका हो," बायको हळूच म्हणाली. ती हसत होती, आणि दोन्ही कानांमागचे तिचे केस वर उचलले जात होते. "अजून येतायत."