बिनचावीचा नळ

ही गोष्ट खोटी असती तर मला बरं वाटलं असतं.

पण खरी आहे. गेल्या वर्षी चैत्रात, माझ्या सासरी कोल्हारला घडलेली. ऐकीव नाही, मी तिथंच होते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. ही भर दुपारची आहे. गावात सगळी दारं लोटलेली, रस्त्यावर कुत्रंही नाही, अशा वेळची.

मी पूजा. माझं माहेर कोपरगावचं. वडिलांचं तिथं सॅनिटरीचं दुकान आहे, त्यामुळे नळ, पाईप आणि बेसिन बघतच मी मोठी झाले. माझे मिस्टर ज्ञानेश्वर नगरला एमआयडीसीत कामाला आहेत. ते शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. सासरे लग्नाआधीच गेलेले. बाकीचे दिवस घरात मी आणि सासूबाई, दोघीच.

सासूबाईंचं नाव विजयमाला. बोलायला मोकळ्या. मला कधी वाकडा शब्द नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्या कुणी राक्षसीण वाटतील. तशा त्या नाहीत.

लग्नाला वर्ष झालं आणि आम्ही घराचं काम काढलं. फरशी, मोरी, स्वयंपाकघर, सगळंच. मी एका गोष्टीवर अडून बसले. नळ चांगले घ्यायचे.

"एवढं भारी कशाला? पानीच तर यायचंय त्यातून," सासूबाई म्हणाल्या.

"आई, इथलं बोअरचं पाणी क्षाराचं. हलका नळ दोन उन्हाळे टिकत नाही. एक तर गळायला लागतो, नाहीतर घट्ट बसतो. पितळी घेऊ, आत सिरॅमिकची चकती असलेला. एकदाच बसवू."

मग मी हसत पुढचं बोलले. "उद्या तुमचे हात दुखायला लागले, तरी एका बोटाने उघडेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"घे तुला काय घ्यायचं ते," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

वडिलांनी स्वतः निवडून माल पाठवला. गावातले प्लंबर पुंजाराम बसवायला आले. बेसिन झालं, मोरी झाली, सिंक झालं. मग ते मागच्या अंगणात गेले. तिथं एक पत्र्याची खोली होती, अडगळीची. तिच्या भिंतीला एक जुना नळ होता.

"वहिनी, याची चावी कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी जाऊन पाहिलं. नळाला वरची चावीच नव्हती. नुसती लोखंडी दांडी वर आलेली. बाकी नळ हिरवा पडलेला, पण ती दांडी मात्र...

घासून घासून चकचकीत झाली होती.

"काढून टाका तो," मागून सासूबाईंचा आवाज आला. "पाईप पन बुजवा. न्हाई लागत तिकडं पानी."

पुंजारामांनी नळ काढला, पाईपाला बूच मारलं आणि वरून प्लास्टर केलं. भिंत कोरी झाली.

तिथून सुरू झालं.

दुपारची जेवणं आवरली होती. मी ओटा पुसत होते. मागच्या अंगणातून आवाज आला.

कर्र...

थोडा वेळ काहीच नाही.

कर्र... कर्र...

लोखंडावर कापड गुंडाळून कुणी पिळावं, तसा. मी बाहेर गेले. अंगण मोकळं. फरशी तापलेली. पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप.

आत आले, हात धुवायला सिंकचा नळ उघडला...

पाणी नाही.

टाकी सकाळीच भरलेली. बेसिनला पाहिलं, मोरीत पाहिलं. एकाही नळाला थेंब नाही. ऊन कलल्यावर मात्र सगळे नळ आपोआप नीट वाहायला लागले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पुंजारामांनी दोनदा लाईन तपासली. वडील कोपरगावहून आले, नळ खोलून पाहिले, आतल्या चकत्या बदलल्या. सकाळी धो धो पाणी, दुपारी थेंब नाही. वडील बिचारे घाम पुसत सासूबाईंना म्हणाले, "विहीणबाई, माल चांगला आहे हो. असं कधी झालं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळांचा हट्ट माझा, दुकान माझ्या बापाचं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मालाचा दोष न्हाई, भाऊ."

 त्यांच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. मी एकटीच स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. मागचं दार वाऱ्यासाठी अर्धं उघडं ठेवलेलं.

"बाई..."

मला वाटलं शेजारची कुणी आली.

"कोण आहे?"

 मग अगदी दाराजवळून, कोरड पडलेल्या घशातून...

"चावी दे गं..."

माझ्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

"चावी दे गं बाई... घोटभर घेते... लगीच बंद करते..."

दाराच्या फटीत काहीतरी हललं. आधी पदर दिसला. जुन्या लुगड्याचा, फाटलेला. मग त्यात गुंडाळलेला हात. बोटं सगळी एका बाजूला वाकलेली, सांधे गाठीसारखे सुजलेले. त्या बोटांनी दार ढकलायचा प्रयत्न चालला होता. जोर मात्र नव्हता त्यांच्यात. दार हलतच नव्हतं.

त्या आवाजात धमकी नव्हती. राग नव्हता. एक म्हातारी बाई पाणी मागत होती, बस्स.

आणि मी काय केलं?

मी धावत गेले, दार लोटलं आणि कडी लावली.

कडी बसली त्याच क्षणी माझ्या मागे सिंकचा नळ भसकन सुरू झाला. पूर्ण जोराने. मी तो उघडलेला नव्हता.

मी वळले. आतल्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या झोपलेल्या नव्हत्याच. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कडी लावली का?"

"हो."

"बरं केलं," त्या म्हणाल्या.

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. भीती नव्हती त्यावर. चोरी करताना पकडलेल्या माणसाचा असतो, तसा होता. मी खूप विचारलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

ज्ञानेश्वरांना मी फोनवर काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? रविवारी घराच्या कामानिमित्त सत्यनारायण ठरलेला होता. तो पार पडू दे, मग बघू, असं मनाशी म्हटलं.

रविवारी घर माणसांनी भरलं. भावकी, शेजारीपाजारी, माझे आईवडील. पूजा झाली, आरती झाली, पंगती बसल्या. दुपार झाली तरी नळांना पाणी होतं. मला हायसं वाटलं.

माझी आई पुष्पावती. तिचा आवाज मोठा आहे आणि मनात काही ठेवायची तिला सवय नाही. जेवण झाल्यावर ती हात धुवायला मागच्या अंगणात गेली. बादली भरून ठेवली होती तिथं.

ती परत आली ती माजघरातूनच बोलत.

"अहो विहीणबाई, तुमच्या मागं त्या आजी उन्हात उभ्या आहेत. भिंतीला काहीतरी पिळतायत. हात किती वाकडे झालेत हो त्यांचे! मी म्हटलं पाणी हवंय का, तर म्हणतात... विजयमालेला सांगा, चावी दे म्हणावं. कोण आहेत त्या? त्यांना जेवायला नाही का बोलावलं?"

पंगतीतल्या माना वर झाल्या.

वाढणारी बाई वाढायची थांबली. सासूबाईंच्या हातात प्रसादाचं ताट होतं. ते खाली पडलं. शिरा नव्या फरशीवर सांडला.

दोघं-तिघं मागे धावले. अंगणात कुणी नव्हतं. बादली तेवढी कोरडी पडली होती. माझ्या आईने तिच्यातलंच पाणी नुकतं घेतलं होतं.

शेजारच्या एक म्हाताऱ्या काकू पानावरून उठल्या. सासूबाईंसमोर थांबल्या. म्हणाल्या, "आमी त्यायेळी तुज्या तोंडावर बोललो न्हाई, माला. आमचंबी चुकलंच."

आणि प्रसाद न घेता निघून गेल्या. मग एकेक करून बाकीचेही उठले. कुणी भांडलं नाही, कुणी विचारलं नाही. चपला घालतानाचा आवाज तेवढा येत होता. माझी आई बावरून मला विचारत होती, "मी काही चुकीचं बोलले का गं?"

दिवेलागणीला सासूबाई बोलल्या. समोर ज्ञानेश्वर आणि मी.

ती केशरबाई होती. सासऱ्यांची थोरली बहीण, ज्ञानेश्वरांची आत्या, आमच्या लग्नाआधीच वारलेली. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाकडे आलेली. ज्ञानेश्वरांना तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं. पुढे संधिवाताने तिचे हात वाकडे झाले. पत्र्याची ती खोली तिचीच. मागच्या नळावर ती अंघोळ करायची, तांब्या भरायची. पण नळ घट्ट. कसाबसा उघडायचा, पण बंद करणं तिला जमायचं नाही. टाकी रिकामी व्हायची. वीज नसली की मोटर नाही.

"किती येळा सांगितलं तिला. शेवटी चावीच काढून घेतली मी. म्हनलं, पानी लागंल तवा हाक मारा, मी देते."

"आणि?" ज्ञानेश्वरांनी विचारलं.

"द्यायचे की. पन दुपारची..."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"दुपारची मी झोपायचे. त्या दिवशी लई ऊन हुतं. मागच्या दाराला कडी हुती. तिनं हाक मारली. परत मारली. लई येळ मारत हुती."

"तुला झोप लागली होती ना?" ज्ञानेश्वरांचा आवाज विचारताना अगदी बारीक झाला होता. आईने हो म्हणावं, अशी विनवणीच होती ती.

सासूबाईंनी मान हलवली.

"ऐकू येत हुतं मला. वाटलं, पाच मिन्टांनी उठते."

त्या उठल्या तेव्हा केशरबाई नळापाशी बसलेली होती. पदर त्या दांडीला गुंडाळलेला, बोटांची सालं निघालेली. अंग ऊन होतं... पण ते उन्हामुळे.

ज्ञानेश्वरांना तेव्हा नगरला फोन गेला होता तो एवढाच, की आत्या झोपेत गेली.

ते उठले.  मागच्या अंगणात जाऊन त्या कोऱ्या भिंतीपाशी उभे राहिले. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना फोन कर. सगळ्यात हलका उघडणारा नळ पाठवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. पुंजारामांनी प्लास्टर फोडलं, बूच काढलं, नवा नळ बसवला. लांब दांडीचा. बोटांची गरजच नाही, कोपराने ढकलला तरी उघडेल असा.

दुपारी सासूबाई एकट्या तिथं गेल्या. आम्ही दारातून पाहत होतो. त्यांनी नळ उघडला, तांब्या भरला आणि जमिनीवर ठेवला. भर उन्हात, अनवाणी.

"वन्सं, पानी घ्या," त्या म्हणाल्या.

काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही. तांब्यातलं पाणी तेवढंच राहिलं. सासूबाई ऊन उतरेपर्यंत तिथंच बसल्या होत्या. ज्ञानेश्वर त्यांना उठवायला गेले नाहीत. शेवटी मीच गेले.

त्या दिवसापासून घरातले नळ एकदाही बंद पडले नाहीत. तो कर्र... आवाजही परत आला नाही. गावात सगळ्यांना कळलंच होतं. सासूबाई आता कुणाच्या घरी कार्याला जात नाहीत. ज्ञानेश्वर शनिवारी येतात, आईला औषधं आणून देतात, पाया पडतात. बोलत मात्र नाहीत. एका घरात राहून इतकं न बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

वाटलं होतं, संपलं.

गेल्या महिन्यात सासूबाई नगरला डोळे तपासायला गेल्या होत्या. मी घरात एकटी. सकाळपासून कामात होते, जेवायचं राहूनच गेलं होतं. दुपार कललेली. मागचं दार उघडं.

बाहेर नळ सुरू झाला...

थोडं वाहिला...

आणि बंद झाला. नीट. एक थेंबही न गळता.

मी जागची हलले नाही. दारापलीकडून तोच आवाज आला. पण आता घसा कोरडा नव्हता. शेजारच्या घरातून कुणी मायेने विचारावं, तसा...

"जेवलीस का गं, बाई?"

मला उत्तर द्यायचं होतं. नाही, अजून जेवले नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. जिला मी दार लावलं होतं, ती माझी विचारपूस करत होती.

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. भीतीमुळे की लाजेमुळे, ते मला आजही सांगता येत नाही.

ती वाट बघत होती. मला कळत होतं की ती वाट बघतेय.

मग पायांचा हळूहळू लांब जाणारा आवाज.

त्यानंतर ती आली नाही. मी रोज दुपारी कान देऊन असते. परत विचारलं तर उत्तर द्यायचं, असं शंभरदा ठरवलंय.

पण खरं सांगू? नुसता वारा आला, तरी मी अजून दोन पावलं मागेच सरकते.