दोन अंगणांची भाजी

पावसाने आमच्या अंगणाची मातीची भिंत पडली, आणि पलीकडे हातात चहाचा प्याला घेतलेला सिरोज उभा दिसला. शेजारच्या आत्यांचा भाचा, शहरातून नुकताच आलेला.

"मी पाडली नाही हं," तो म्हणाला. मला हसू आवरेना.

आमच्या हिसोर गावात हिवाळ्यात पाऊस सुरू झाला की माती वाळत नाही, मग भिंत कसली उभी राहते! वसंतापर्यंत तरी दोन अंगणांचं एकच अंगण राहणार होतं. भाजीही एकत्रच लावू, असं त्याने सुचवलं. रोज दुपारी ओसरीवर बसून आम्ही सतरंजीवर वाफे मांडायचो... राजमा म्हणजे टोमॅटो, अक्रोड म्हणजे भोपळे. मी भोपळा उन्हाच्या बाजूला ठेवला की तो हळूच माझ्या अंगणाच्या कोपऱ्यात सरकवायचा. बोटं लागायची. दोघंही मग पावसाकडे बघायचो.

आणि एक दिवस आई सहज म्हणाली, नवरोजचा सण झाला की सिरोज रशियाला कामाला जाणार. माझं डोकंच चालेना. जाणारा माणूस टोमॅटोला काठ्या कुठून आणायच्या याची चिंता का करतो? माझ्यासाठी, की नुसता वेळ जात नाही म्हणून? विचारायची हिंमत नव्हती. रुसावं तरी कशावरून?

त्या दुपारी तो आत्यांना घेऊन आला. आत्यांच्या फडक्यात काकडीचं बी होतं आणि दोन नान. आई चहा ठेवत होती. पाहुण्यांपुढे मोडतात तशी मी एक नान मोडली आणि तुकडे मांडले.

आत्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवून दुवा मागितली. दारात आई किटली घेऊन थिजली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे लग्नाची मागणी घेऊन आलेल्यांची नान मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी मोडली की होकार झाला. इथे मुलीनेच मोडली होती!

"मला वाटलं... काकडीचं विचारायला आलात," मी पुटपुटले.

"मलाही तेच वाटलं होतं," सिरोजचे कान लालबुंद झाले होते. "आत्या मला काही बोलली नाही. चुकून झालं म्हणू. मी समजावतो तिला."

चुकून?

"आणि रशिया?" मी विचारलं.

"थांब म्हणणारं कुणी नव्हतं — म्हणून जाणार होतो."

आई ऐकत होती, आत्या ऐकत होत्या. लाज सोडून मी दुसरी नान उचलली, आणि त्याच्याकडे बघत तीही मोडली.